आर्मां आर्गूचे मंगळवार

आर्मां आर्गू मुद्दाम थेंब बिघडवतो, अशी एके काळी फ्रान्सातल्या ग्रनोबलला कुजबुज होती. द्राक नदीच्या काठाला, सिंक्रोट्रॉनच्या, म्हणजे क्ष-किरण काढणाऱ्या यंत्राच्या, त्या अवाढव्य गोल कड्याच्या शेजारी जी संशोधन संस्था आहे, तिथल्या कॉफीच्या यंत्रापाशी ही बातमी जन्मली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिला पाय फुटले. सांगणारा आधी मागे वळून बघायचा, मग कप तोंडाशी धरायचा, मग म्हणायचा, "ती लोझानची बाई यायची थांबू नये म्हणून. दुसरं काय!"

लोझानची बाई म्हणजे वेरेना श्टुकी. उंच, सडपातळ, करडे केस कानांपर्यंत कापलेले. विनोद ऐकला की सगळे हसून झाल्यावर ही हसायची, पण मग बराच वेळ हसायची. तिला झुरिकला नवरा होता की नव्हता, यावर स्वागतकक्षातल्या जिनेत मोरारने दोन हिवाळे घालवले आणि तरी निकाल लागला नाही. संस्थेत कोण कोणाशी बोलत नाही, कोणाचं पत्र कुठून आलं, कोणाच्या सदऱ्याला कोणाचं अत्तर लागलंय, या सगळ्याची जिनेतला खबर. अशा बाईला एका स्विस बाईने दाद देऊ नये, हे तिच्या फार मनाला लागलं होतं.

आता आर्मांचं काम. ऐकायला सोपं आहे. सेरोटोनिन हे नाव लोकांना मासिकांतून माहीत असतं, मनाला उभारी देणारं द्रव्य म्हणून. पण त्याचा मोठा साठा असतो आपल्या पोटात. ते द्रव्य जिथे जाऊन बसतं ते रिसेप्टर पेशींच्या कातडीत रुतलेले असतात, आणि त्यांच्या जाती पुष्कळ. आर्मांच्या गटाच्या वाट्याला आली होती उलटीची जात. सेरोटोनिन येऊन टेकलं की हा रिसेप्टर एक बारीकसं दार उघडतो आणि माणसाला मळमळायला लागतं. कर्करोगाचं औषध घेणाऱ्यांचे जे हाल होतात ते या दारापायी, आणि त्यांना देतात ती गोळी याच दाराला अडसर घालते. गोळी होती, गुण येत होता. दाराचं तोंड मात्र कोणी पाहिलेलं नव्हतं.

जिनेत म्हणायची, "माणसं चंद्रावर जाऊन आली. आमचे लोक अजून ओकारीचं कुलूप शोधतायत."

ते दिसायचं कसं? एकटा रेणू कशानेच दिसत नाही. तसे असंख्य रेणू शाळेतल्या कवायतीसारखे रांगेत उभे करायचे, म्हणजे त्यांचा स्फटिक होतो. त्या स्फटिकातून कड्यातले क्ष-किरण सोडायचे. किरण विखुरतात, पडद्यावर ठिपके उमटतात, आणि त्या ठिपक्यांवरून गणिताने आकार काढायचा. गणित करणारे बरेच होते. रांगेत उभं करणारा आर्मां.

आणि हा रिसेप्टर रांगेत उभा राहायला तयार नव्हता. जन्मभर चरबीत लोळलेला प्राणी तो. बाहेर काढला की त्याला साबणात गुंडाळून ठेवावं लागतं. साबण जास्त झाला की रेणू एकमेकांवरून घसरतात, कमी झाला की नासलेल्या दुधासारखं चोथापाणी होतं. त्याला धरायला जागा मिळावी म्हणून वेरेनाच्या लोकांनी एका लामा नावाच्या लोकरी जनावराला तो टोचला, त्याच्या रक्तातून या रिसेप्टरला घट्ट चिकटणारं एक चिमुकलं प्रथिन मिळवलं, आणि ते त्याला सगळीकडून चिकटवून पाठवायला सुरुवात केली. लोझानमध्ये पेशी वाढवायच्या, प्रथिन गाळून शुद्ध करायचं, बर्फाच्या डब्यात घालून ग्रनोबलला आणायचं. तो डबा वेरेना स्वतः आणायची, मंगळवारी, आपल्या जुन्या निळ्या गाडीत, पुढच्या सीटवर लहान मुलासारखा पट्ट्याने बांधून.

जिनेतने एकदा विचारलंच. "मादाम, कुरिअरवाला जातो ना रोज लोझानला? कशाला एवढी दगदग?"

"कुरिअरवाला डबा हलवतो," वेरेना म्हणाली.

"आणि तुमची गाडी काय, पाळण्यासारखी डुलत येते?"

वेरेना यावर हसली, पण नेहमीप्रमाणे उशिरा. तोवर ती जिन्यावर पोचली होती.

आर्मां पन्नाशी उलटलेला, रुंद खांद्यांचा, व्हेर्कोरच्या डोंगरातला माणूस. बायको फार पूर्वी व्हालाँसच्या एका दंतवैद्याबरोबर निघून गेलेली. तेव्हापासून आर्मां दाढदुखी अंगावर काढायचा, पण दंतवैद्याची पायरी चढायचा नाही. मंगळवारी मात्र त्याची दाढी गुळगुळीत असायची. दुपारी ते दोघं नदीच्या बांधावरच्या बाकावर बसायचे, समोर बेलदोनची हिमशिखरं. तो घरून सां-मार्सलँचं चीज आणायचा, चमच्याने खावं इतकं मऊ झालेलं, आणि पाव, आणि अक्रोड. दोन अक्रोड एका मुठीत धरून एकमेकांवर दाबून फोडायचा आणि गर तिच्या रुमालावर ठेवायचा. ती जिनिव्हाच्या सरोवराकाठची आलुबुखारं आणायची. बोलणं काय, तर साबण.

"या खेपेला साबणाची शेपटी थोडी आखूड घेतलीय," ती सांगायची.

"मग मिठावर हात आखडता घेऊ," तो म्हणायचा.

त्या संस्थेत झाडूवाल्यापासून संचालकांपर्यंत सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. या दोघांचं मात्र वर्षानुवर्षं 'तुम्ही'. जिनेतच्या मते हाच सगळ्यात मोठा पुरावा होता. "जे अरे-तुरे करतात त्यांच्यात काही नसतं," ती म्हणायची. "चोर असतो तो 'तुम्ही'त."

चोर होता, हे खरं. पण आर्मांने त्याला कधी दिवा दाखवला नाही. मंगळवारी संध्याकाळी निळी गाडी फाटकातून वळली की तो शीतगृहात जायचा आणि तिने आणलेल्या प्रथिनाचे थेंब घालत बसायचा, एकेका खळग्यात एकेक, साबण आणि मीठ थोडं बदलून. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. कधी चोथा, कधी नुसतं पाणी, कधी सुईसारख्या बारीक काड्या. काड्या घेऊन कड्याकडे जायचं, किरण सोडायचे, पडद्यावर मधोमध दोन-चार पुसट ठिपके. "जवळजवळ झालं," असं सगळे म्हणायचे. आर्मांचा संसार त्या 'जवळजवळ'वर चालला होता. काम जमलं तर तिचं येणं थांबणार. काम बुडालं तरी थांबणार. दोन्हींच्या मधली ती चिंचोळी पट्टी, तेवढीच त्याची जमीन.

मग एका शरद ऋतूत ते मोठे स्फटिक आले.

सहा बाजूंचे, स्वच्छ, कडा अशा की जवाहिऱ्याने घासल्या असाव्यात. सगळी संस्था सूक्ष्मदर्शकापाशी रांग लावून उभी. किरण सोडले तर पडदा काठापर्यंत ठिपक्यांनी भरला. गटप्रमुख देलमास एरवी सावध माणूस, पण त्या दिवशी त्याचा तोल गेला. स्फटिकाबद्दल आकडे हाती येण्याआधी कोणी 'छान' म्हणायचं नाही, 'पाहू या' एवढंच म्हणायचं, असा या धंद्यातला रिवाज आहे. देलमास नुसता 'छान' म्हणाला नाही, त्याने शॅम्पेन फोडली. प्लास्टिकचे पेले भरले. कोणीतरी आर्मांला उचलायला गेलं आणि स्वतःची पाठ धरून बसलं.

वेरेना कोपऱ्यात कागदावर काहीतरी लिहीत होती. स्फटिकात प्रत्येक रेणूची राहायची ठराविक खोली असते, आणि ठिपक्यांमधल्या अंतरावरून तिची लांबी-रुंदी कळते. वेरेना खोलीचं माप काढत होती. पेला तिने तसाच खाली ठेवला.

"देलमास," ती म्हणाली, "यात तो मावत नाही."

"कोण?"

"आपला रिसेप्टर. खोली फार लहान आहे. यात फक्त लामाचं प्रथिन मावतं."

कोणाला आधी कळेचना. मग एकदम कळलं. रिसेप्टर साबणातच राहिला होता. त्याला चिकटायला पाठवलेलं ते लामाचं प्रथिन त्याला सोडून गेलं होतं आणि स्वतःच रांगेत उभं राहिलं होतं. वऱ्हाडी मांडवात पाटावर बसलेले आणि नवरदेवाचा पत्ता नाही. एवढे देखणे ठिपके आलेच कसे, ही शंका यायला हवी होती. या कामात फार सुंदर ते बहुधा परक्याचं निघतं. पण शॅम्पेन पोटात गेल्यावर शंका कोणाला येते?

वेरेनाचा चेहरा कागदासारखा झाला. "मी पुढच्या मंगळवारी नवीन घेऊन येते," ती म्हणाली आणि ओव्हरकोटाची बाही शोधत राहिली. ती तिला सापडत नव्हती.

जिनेत पेले गोळा करत होती. तिने आर्मांकडे पाहिलं. सगळ्यांची तोंडं उतरलेली आणि आर्मां आर्गू हसत होता. मोठ्याने नाही. ओठांच्या कोपऱ्यात, जरासं. पण जिनेतच्या डोळ्यांतून असलं काही सुटायचं नाही.

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या यंत्रापाशी बातमी तयार होती.

बातमी फिरत फिरत देलमासच्या कानावर गेली. त्याने आर्मांला बोलावलं, दार लावून घेतलं, आणि खिडकीकडे बघत म्हणाला, "माझा विश्वास नाही बरं का. लोक बोलतात."

"काय बोलतात?"

"जाऊ दे. वसंत ऋतूपर्यंत बघू. नाहीतर हे काम बंद. अमेरिकेतले लोक आपल्या पुढे आहेत, चीनमधले त्यांच्याही पुढे. लोझानलाही मी तसं कळवलंय."

आर्मां बाहेर आला तेव्हा जिनेत तिथेच कुंडीला पाणी घालत होती. ती कुंडी प्लास्टिकच्या फुलांची होती.

पुढच्या मंगळवारी बाकावर वेरेनाने अक्रोडाचा गर उचलला नाही.

"जिनेत म्हणते, तुम्ही थेंब बिघडवता."

आर्मांच्या मुठीतले अक्रोड फुटता फुटता राहिले. "तुम्हाला सांगितलं तिने?"

"डबा उतरवायला आली होती. एरवी कधी येत नाही. आज फार प्रेमाने आली."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"तुम्हाला बिघडवता येणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही ठरवलंत तरी हात ऐकणार नाही तुमचे." मग तिने गर उचलला, तोंडात टाकला आणि म्हणाली, "खवट आहे."

"मागच्या वर्षीचे आहेत. या वर्षी झाडाला कीड."

त्या मंगळवारी एवढंच बोलणं झालं. आर्मांला मात्र तेवढं हिवाळाभर पुरलं. तिने विश्वास ठेवला याचा आनंद व्हावा, तर तिच्या बोलण्यातलं एक कुसळ त्याला टोचत राहिलं. कशासाठी बिघडवाल, असं तिने विचारलं नव्हतं. म्हणजे ते तिला ठाऊक होतं, किंवा ठाऊक करून घ्यायचं नव्हतं. यांतलं कुठलं, हे तो शीतगृहात कानटोपी घालून ठरवत बसायचा. ठरत काही नव्हतं.

बर्फ वितळायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. शुक्रवारची सकाळ. आर्मांने थेंबांचं एक जुनं ताट सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं. कडेच्या एका खळग्यात, चोथ्याच्या आड, तुकड्या तांदळासारख्या काही कण्या पडल्या होत्या. कुरूप, कडा मोडलेल्या, पिवळट. दुसरा कोणी असता तर पुढे सरकला असता. आर्मांने रंगाचा थेंब सोडला. कण्या निळ्या झाल्या, म्हणजे मीठ नव्हतं, प्रथिनच होतं. एक कणी त्याने साबणाबाहेर काढून विरघळवली आणि तपासणीला लावली. दोन पट्टे उमटले: लामाच्या प्रथिनाचा, आणि त्याच्या वर आपल्या रिसेप्टरचा.

तो उभाच राहिला.

असले कण फार दिवस टिकत नाहीत. सोमवारपर्यंत भेगा, मंगळवारपर्यंत पुन्हा चोथा. ताट जुनं होतं, त्याची आठवण दुसऱ्या कोणाला नव्हती. ते नुसतं परत फळीवर ठेवायचं होतं. बिघडवायचंही नव्हतं. काहीच करायचं नव्हतं. वसंत आला की देलमास काम बंद करील, हे खरं, पण देलमासचे वसंत लांबतात, हेही सगळ्यांना माहीत. आणखी एखादा उन्हाळा मिळाला असता. आलुबुखारांचा हंगाम.

शीतगृहात बोटं बधिर झाल्यावर तो बाहेर आला. कॉफी घेतली. जिनेत म्हणाली, "काय रे आर्मां, भूत पाहिलंस की काय?" त्याने साखर दोनदा घातली आणि कॉफी न पिताच ठेवून दिली, हे जिनेतला चांगलं आठवतं. मग त्याने तिच्याच टेबलावरचा फोन ओढला.

"वेरेना? मंगळवारपर्यंत थांबू नका. आजच या." पलीकडचं ऐकून तो म्हणाला, "नाही, डबा नको. तुम्हीच या."

जिनेतने टाचण्या मोजायला घेतल्या, नुसतं तिथे बसता यावं म्हणून.

शनिवारी दिवसा कड्यावर एक जागा रिकामी होती, देलमासने ती कोणाच्या तरी पाया पडून मिळवली. आर्मांने श्वास रोखून नायलॉनच्या केसाएवढ्या फासात एकेक कणी अलगद पकडली आणि द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली. पहिल्या कणीतून काही आलं नाही. दुसरीवर बर्फ धरलं होतं. तिसरी किरणांत जळून गेली. दुपार कलली. देलमास दाराबाहेर येरझाऱ्या घालत होता, 'पाहू या, पाहू या' पुटपुटत. आणखी काही गेल्या. मग एक कणी अशी लागली की पडद्यावर ठिपके उमटले, ठळक नाहीत, पण दूरवर, रांगांमागून रांगा. वेरेनाने घाईघाईने खोलीचं माप काढलं. खोली मोठी होती. प्रशस्त होती. वऱ्हाडासकट नवरदेव मावेल एवढी.

"आर्मां," ती ओरडली, "बघ! अरे बघ ना!"

तो बघत होता. पडद्याकडे नाही.

शॅम्पेन कोणी फोडली नाही. गणिताला बरेच महिने लागले. तेवढ्या काळात प्रथिनाची गरज नव्हती, म्हणून डबा नव्हता, म्हणून मंगळवार नव्हते. ऑक्टोबरात वेरेना एकदा आली ती चित्र घेऊन. तिने ते आर्मांच्या टेबलावर पसरलं. वरून पाहिलं तर पाच पाकळ्यांचं फूल, मधोमध आरपार भोक. बाजूने पाहिलं तर पाच पायांचं स्टूल चरबीत रोवलेलं, आणि लामाची पाच प्रथिनं त्याला कानांसारखी चिकटलेली. कुठे सेरोटोनिन येऊन बसतं ती बेचकी तिने पेन्सिलीच्या टोकाने दाखवली. आर्मां किती तरी वेळ बघत राहिला. इतकी वर्षं ज्याचे थेंब घातले तो हा असा दिसतो.

"दार उघडं आहे की बंद?" त्याने विचारलं.

"ते अजून नक्की सांगता येत नाही."

"मग आणखी स्फटिक लागतील."

वेरेनाने चित्राची गुंडाळी केली. "बाझेलला नवं यंत्र आलंय. इलेक्ट्रॉनचं. त्याला स्फटिक लागत नाहीत. थेंब गोठवायचा आणि फोटो काढायचा." तिने गुंडाळीला रबर लावलं. "मी तिकडे चालले. नाताळानंतर."

"बाझेल काही फार लांब नाही," आर्मां म्हणाला.

"नाही," ती म्हणाली. "फार नाही."

मग ती उठली, कोट घातला, या वेळी बाही लगेच सापडली. फाटकाशी निळी गाडी थोडी जास्तच वेळ उभी होती, असं जिनेत सांगते. पण जिनेतने सांगितलेल्या वेळांवर कोणी विश्वास ठेवू नये.

आर्मां बाझेलला गेला नाही. ग्रनोबलहून तिथे जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा त्याला पाठ होत्या, ल्योनला किती मिनिटं थांबावं लागतं तेही. नव्या वर्षी तिचं एक कार्ड आलं, नदीच्या पुलाचं चित्र, मागे हवामानाबद्दल चार ओळी. त्याने उत्तरात इथलं हवामान कळवलं. शीतगृहातलं त्याचं काम कमी कमी होत गेलं, कारण सगळेच आता थेंब गोठवून फोटो काढायला लागले होते. मंगळवारी मात्र तो सवयीने दोघांपुरतं चीज आणायचा. वाया जाऊ नये म्हणून त्याने एकदा जिनेतला बाकावर बोलावलं. जिनेत चीजला कधी नाही म्हणाली नाही.

अशाच एका मंगळवारी, तोंड भरलेलं असताना, तिने विचारलं, "आर्मां, आता तर सांग. त्या शॅम्पेनच्या दिवशी तू हसत होतास. मी पाहिलं. थेंब बिघडवले होतेस ना?"

आर्मांने अक्रोड फोडला, गर तिच्याकडे सरकवला आणि तिला सांगितलं. जिनेतने ते कोणालाही सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही नाही, असं तिला वाटलं.

आर्मां आर्गूने एकही थेंब बिघडवलेला नव्हता. स्फटिक परक्याचे निघाले, वेरेना पुढच्या मंगळवारी परत येणार होती, आणि त्याला बरं वाटलं होतं.